यंत्रनगरीतील जुन्या खुणा : पिंपरी-चिंचवड व चाकण परिसराचा वारसा

पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला पिंपरी-चिंचवडचा परिसर आज उद्योगनगरी म्हणून सर्वपरिचित आहे. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील औषधांचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर येथील माळरानावर कारखान्यांची रीघ लागली. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांची मिळून नगरपालिका अस्तित्वात आली आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. पुढे उद्योगांचा ओघ इंद्रायणी ओलांडून चाकणच्या पठाराकडे वळला. हा सर्व इतिहास अवघ्या एका मानवी आयुष्यात मावणारा आहे.

एवढ्या वेगाने वाढलेल्या नगरात येणारा पाहुणा बहुधा कामासाठी येतो आणि काम संपताच परत जातो. येथे पाहण्यासारखे काय आहे, असे त्याने विचारले तर त्याला लोणावळ्याचा किंवा पुण्याच्या शनिवारवाड्याचा रस्ता दाखविला जातो. उत्तर देणाराही पुष्कळदा मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून किंवा परप्रांतातून पोटापाण्यासाठी येथे आलेला असतो. त्याला स्थानिक इतिहास ठाऊक नसला तर त्यात त्याचा दोष नाही. पण त्याची मुले याच नगरातील शाळांत शिकतात, आणि त्यांच्या शाळेपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर साडेतीनशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे, ही गोष्ट त्यांना कोणी सांगितलेली नसते. शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांनी विचारात घ्यावा असा हा विषय आहे.

चिंचवडचे पहिले प्रवासी

चिंचवडला बाहेरच्या पाहुण्यांनी कुतूहलाने येण्याची परंपरा कारखान्यांहून बरीच जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील एडवर्ड मूर या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथील देव संस्थानाविषयी माहिती गोळा केली व ती कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस' या ग्रंथमालेत प्रसिद्ध केली. हिंदू देवदेवतांवरील आपल्या १८१० च्या ग्रंथामुळे तो पुढे प्रसिद्धीस आला. मराठेशाहीच्या अखेरच्या काळात, १८०९ मध्ये, मारिया ग्रॅहम ही इंग्रज लेखिका चिंचवडला येऊन गेली आणि १८१२ मध्ये प्रकाशित झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात तिने या गावाचे वर्णन केले. या दोघांच्या लेखनात श्रद्धेपेक्षा कुतूहल अधिक आणि कुतूहलाबरोबर थोडी तुच्छताही आहे. तरीही पेशवाईतील चिंचवड बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांना कसे दिसले, याची ती साक्ष आहे आणि तेवढ्यापुरते तिचे मोल मानले पाहिजे.

त्यांना येथे खेचून आणणारे कारण म्हणजे मोरया गोसावी यांच्यापासून चालत आलेली गणेशभक्तीची परंपरा होय. मोरगावच्या मयूरेश्वराचे निस्सीम भक्त असलेले मोरया गोसावी थेऊर येथे तपश्चर्या करून, पुढे ताथवडे येथे काही काळ राहून चिंचवडला स्थायिक झाले, असे परंपरा सांगते. कऱ्हा नदीत स्नान करीत असता त्यांच्या हाती आलेली गणेशमूर्ती ती चिंचवडच्या वाड्यातील मंगलमूर्ती, अशीही श्रद्धा आहे. पवनेच्या काठी त्यांची संजीवन समाधी आहे. त्यांचे पुत्र चिंतामणी यांच्यापासून या घराण्यास 'देव' हे उपनाम लाभले. सात पिढ्यांपर्यंत घराण्यातील ज्येष्ठ पुरुष गणेशाचा अंश मानला जाई. युरोपीय पाहुण्यांना नवल वाटले ते याचेच. आदिलशाही, मोगल आणि मराठे या सर्व राजवटींनी संस्थानाला इनामे दिली. सत्ता बदलल्या तरी सनदा नव्याने लिहिल्या गेल्या, यावरून या स्थानाचे वजन लक्षात येते.

मोरया गोसावींच्या समाधीचे वर्ष मात्र निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे सांगितले जाते. परंपरेतील इ.स. १५६१ या वर्षाबरोबरच त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी येणारी वर्षेही लेखनात आढळतात. अशा वेळी फलकावर एखादे वर्ष ठोकून देण्यापेक्षा दगडावर जे कोरलेले आहे ते पाहुण्याला दाखविणे अधिक योग्य ठरते. समाधिमंदिरावरील मराठी शिलालेखानुसार मंदिराच्या बांधकामाचा आरंभ शके १५८० मध्ये, विलंबी संवत्सरातील कार्तिक महिन्यात झाला व पुढील विकारी संवत्सरातील आषाढात ते पूर्ण झाले. म्हणजे इ.स. १६५८ च्या शरद ऋतूत सुरू झालेले काम १६५९ च्या पावसाळ्यापर्यंत संपले. श्रीशिवछत्रपतींनी प्रतापगडावर अफजलखानाचा वध केला तो याच १६५९ च्या नोव्हेंबर महिन्यात. सातवी-आठवीच्या वर्गाला इतिहासातील दोन घटना जोडून दाखविण्यास एवढा एक दगड पुरेसा आहे.

शके वरून इसवी सन काढण्याची रीतही येथेच शिकविता येते. शकाच्या अंकात ७८ मिळविले की इसवी सन येतो. मात्र तिथी पौषाच्या उत्तरार्धातील, माघातील किंवा फाल्गुनातील असेल तर इंग्रजी वर्ष उलटलेले असल्याने ७९ मिळवावे लागतात. ज्ञानेश्वर महाराजांची समाधी शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीची, म्हणून इ.स. १२९६. तुकाराम महाराजांचे वैकुंठगमन शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेचे, म्हणून इ.स. १६५०. अनेक पुस्तिकांत आणि फलकांवर एका वर्षाचा घोळ होतो तो नेमका या ठिकाणी.

भाद्रपद व माघ या महिन्यांत चिंचवडहून मंगलमूर्तींची पालखी मोरगावला जाते. मार्गशीर्षात समाधिउत्सव होतो. गणेशोत्सवात महाराष्ट्रभर ज्या 'मोरया' नामाचा गजर होतो, तो याच सत्पुरुषाच्या नावाचा आहे असे मानले जाते. मुंबईच्या चौपाटीवर विसर्जन पाहणाऱ्या लाखो लोकांपैकी किती जणांना चिंचवड माहीत असेल, हा प्रश्न पर्यटन विभागाने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

चापेकर वाडा

समाधिमंदिरापासून जवळच, जुन्या चिंचवड गावात, चापेकर बंधूंचा वाडा आहे. १८९६-९७ मध्ये मुंबई इलाख्यात प्लेगची साथ पसरली. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला व्यापक अधिकार मिळाले. पुण्यात प्लेग समितीचे प्रमुख असलेल्या वॉल्टर चार्ल्स रँड याच्या कारकिर्दीत घरझडतीसाठी गोऱ्या सोजिरांचा वापर झाला. स्वयंपाकघरे व देवघरे यांत बुटांसह शिरणे, स्त्रियांची उघड्यावर तपासणी करणे, सामानसुमान जाळणे यांमुळे लोकांत तीव्र संताप उसळला. २२ जून १८९७ रोजी, महाराणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून गणेशखिंडीतून परतणाऱ्या रँडवर दामोदर व बाळकृष्ण यांनी गोळ्या झाडल्या. त्याच्या मागोमाग असलेल्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला, तर रँड ३ जुलै रोजी मरण पावला.

दामोदर हरी यांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. फितुरी करणाऱ्या द्रविड बंधूंना फेब्रुवारी १८९९ मध्ये धाकटे बंधू वासुदेव व त्यांचे सहकारी महादेव रानडे यांनी ठार केले. मे १८९९ मध्ये ८, १० व १२ या तारखांना अनुक्रमे वासुदेव, रानडे व बाळकृष्ण फासावर चढले. एका कीर्तनकाराच्या घरातील तिन्ही मुलगे तेरा महिन्यांच्या आत गेले. दामोदर यांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त उपलब्ध आहे. त्यातील काही मते आजच्या वाचकाला पटणार नाहीत; परंतु सनातनी कीर्तनकाराच्या घरातील तरुण शस्त्र हाती घेण्यापर्यंत कसा पोहोचतो, हे कळण्यासाठी त्यासारखे दुसरे साधन नाही.

वाड्याचे जतन क्रांतिवीर चापेकर स्मारक समितीने केले. याच समितीच्या वतीने चिंचवड येथे पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् चालते आणि पारधी व अन्य भटक्या-विमुक्त समाजांतील मुलामुलींना तेथे पारंपरिक कौशल्यांसह शिक्षण मिळते. या कार्यासाठी गिरीश प्रभुणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला. स्मारक म्हणजे केवळ पुतळा व पुष्पहार नव्हे, याचे हे उदाहरण इतर गावांनी प्रत्यक्ष येऊन पाहावे असे आहे. २०१८ मध्ये भारतीय टपाल खात्याने दामोदर हरी चापेकर यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

कालपरवाचा वारसा

वारसा म्हटले की देऊळ आणि किल्ला एवढेच डोळ्यांसमोर येते. पिंपरीला मात्र दोन वारसे असे आहेत की ते घडताना पाहिलेली माणसे अजून हयात आहेत.

पहिला फाळणीचा. १९४७ नंतर सिंधमधून विस्थापित झालेल्या कुटुंबांची येथे छावणी उभारण्यात आली. 'पिंपरी कॅम्प' हे बाजारपेठेचे नाव त्याच छावणीचे होय. घरदार मागे टाकून आलेल्या या लोकांनी कापड व किरकोळ व्यापाराच्या बळावर पिंपरीची पेठ उभी केली. चेटीचंडच्या दिवशी तेथील रस्ते पाहिले म्हणजे सिंधू नदीकाठची एक वसाहत पवनेच्या काठी कशी रुजली ते ध्यानात येते.

दुसरा वारसा विज्ञानाचा. हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिनचे उत्पादन होऊ लागले, त्या वेळी ते औषध परदेशातून आणावे लागत असे. या कारखान्याच्या प्रयोगशाळेत डॉ. मं. ज. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीजन्य रोगांवरील 'हॅमायसिन' हे औषध शोधून काढले. त्याच्या नावातील आरंभीची अक्षरे कारखान्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आली आहेत. जानेवारी २०१६ मध्ये ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच कारखान्याच्या मैदानावर भरले होते. पहिल्या पिढीतील कामगारांच्या आठवणी, पगारपत्रके, कामगार वसाहतींची छायाचित्रे हे सर्व घराघरांतून रद्दीत चालले आहे. जुन्या वाड्याची वीट निखळली तर ती निदान दिसते. निवृत्त कामगार निवर्तला की त्याच्याबरोबर काय गेले ते दिसतही नाही.

देहू व आळंदी

देहू आणि आळंदी यांविषयी महाराष्ट्राला नव्याने सांगावे असे थोडेच आहे. देहूचे विठ्ठल मंदिर, इंद्रायणीचा डोह, भंडारा डोंगर. आळंदीचे समाधिमंदिर, सिद्धेश्वर, अजानवृक्ष, चांगदेवांच्या भेटीची भिंत ही स्थाने वारकऱ्यांच्या पायाखालची आहेत. १९१७ मध्ये जोग महाराजांनी आळंदीला स्थापन केलेली वारकरी शिक्षण संस्था आजही कीर्तनकार व प्रवचनकार घडवीत आहे. शिक्षकांनी एकदा तरी तेथील दिनक्रम पाहावा.

उद्योगनगरीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली, असे मानले जाते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात दिले. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघालेली पालखी दुसऱ्या दिवशी निगडीवरून येऊन आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते. आळंदीची पालखी दिघीवरून पुण्याकडे जाते. म्हणजे दोन्ही सोहळे महानगरपालिकेच्या हद्दीतून जातात. आकुर्डीच्या मुक्कामाच्या रात्री पाळी सुटलेला कामगार गणवेशातच दिंडीतील वारकऱ्यांना जेवण वाढताना दिसतो. परगावच्या अतिथीला या नगराचे एकच दर्शन घडवायचे असेल तर ते या रात्री घडवावे.

याच परिसरातील एक नाव मात्र दुर्लक्षित राहते. तुकाराम महाराजांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे हे व्यवसायाने तेली. चाकण हे त्यांचे गाव मानले जाते आणि त्यांची समाधी सुदुंबरे येथे आहे. गाथा आज आपल्या हाती आहे त्याचे श्रेय लोकस्मृतीइतकेच अशा लेखकांनाही आहे. देहूला येणारा भाविक सुदुंबऱ्यापर्यंत गेला तर त्याची वारी अधिक भरीव होईल. चाकणजवळचा भामचंद्र डोंगर तुकाराम महाराजांच्या चिंतनाशी निगडित आहे. त्याच्या पायथ्याशी आता औद्योगिक क्षेत्र आले आहे. डोंगरावरून एका नजरेत गुहा, शेते आणि कारखान्यांची छपरे दिसतात.

संग्रामदुर्ग

चाकण म्हटले की आज मोटारींचे कारखाने आणि कांदा-बटाट्याचा बाजार आठवतो. परंतु मध्ययुगात चाकण हे नाव दिल्ली दरबारापर्यंत पोहोचलेले होते. पुण्याकडून नाशिकला जाणारी वाट आणि घाटमाथ्यावरून तळेगावमार्गे पूर्वेकडे जाणारी वाट येथे एकमेकींना छेदतात. सपाट मैदानात, डोंगराचा कसलाही आधार नसलेल्या जागी किल्ला का बांधला, याचे उत्तर या चौफुल्यात आहे. विशेष म्हणजे मालमोटारींची आजची कोंडीही त्याच चौफुल्यावर होते.

बहमनी सुलतानांच्या काळात कोकणावरील मोहिमांचे ठाणे चाकणला होते. १४५३ च्या सुमारास मलिक-उत-तुजार हा सरदार शिर्के व मोरे यांच्यावर चालून गेला आणि सह्याद्रीच्या जंगलात सैन्यासह कापला गेला. वाचलेल्यांनी चाकणचा आश्रय घेतला. पण दरबारातील दख्खनी व परदेशी सरदारांच्या वैमनस्यातून त्यांचाही तेथे घात झाला. पुढे निजामशाहीत पुणे-सुप्याच्या जहागिरीबरोबर शिवनेरी व चाकण हे किल्ले मालोजीराजे भोसले यांच्याकडे आले. शिवरायांनी स्वराज्याची उभारणी आरंभिली तेव्हा चाकणचा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा त्यांना येऊन मिळाला.

१६६० च्या जून महिन्यात शाइस्ताखानाने चाकणला वेढा घातला. किल्ला लहान, भुईकोट, आतील शिबंदी तुटपुंजी. शिवराय त्या वेळी पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते. जुलैच्या मध्यास ते विशाळगडाकडे निसटले, बाजीप्रभूंनी खिंड लढविली. परंतु चाकणला कुमक पाठविणे शक्य नव्हते. फिरंगोजीने किल्ला सुमारे छप्पन दिवस लढविला. पावसाने मोगलांचे मोर्चे चिखलात रुतत होते. शेवटी छावणीपासून एका बुरुजाखालपर्यंत भुयार खोदून त्यात सुरुंग ठासण्यात आला. १४ ऑगस्ट रोजी तो उडविला तेव्हा बुरुज व त्यावरील माणसे उडून गेली. तरीही आतल्या लोकांनी मागे मातीचा आडोसा रचून ती रात्र काढली. दुसऱ्या दिवशी किल्ला मोगलांच्या हाती गेला. त्यांचे २६८ लोक मेले आणि ६०० जखमी झाले. शाइस्ताखानाने फिरंगोजीला बादशाही चाकरी देऊ केली. ती त्याने नाकारली आणि तो स्वराज्यात परतला.

या लढाईचे महत्त्व तिच्या निकालात नाही. एका लहान भुईकोटापायी दोन महिने व एवढी माणसे खर्ची पडली, हे पाहिल्यानंतर शाइस्ताखानाने डोंगरी किल्ल्यांच्या वाटेला जाण्याची घाई केली नाही. पुण्यात तळ देऊन बसलेल्या खानावर एप्रिल १६६३ मध्ये जो छापा पडला, त्याची पार्श्वभूमी चाकणच्या या वेढ्यात आहे.

आजचा संग्रामदुर्ग पाहण्यास जाणाऱ्याला हे सर्व मनाशी जुळवावे लागते. दरवाजाचा भाग, तटाचे व बुरुजांचे तुटक अवशेष आणि खंदकाची खूण एवढेच शिल्लक आहे. सभोवार गावाची वस्ती तटाला येऊन भिडली आहे. डोंगरी किल्ल्याचे रक्षण त्याची दुर्गमता करते. भुईकोटाला तो आधार नाही. दगड न्यायला गाडी थेट तटापर्यंत जाते, आणि तटाबाहेरची मोकळी जागा म्हणजे पूर्वीचा खंदक हे माहीत नसल्याने तिच्यात केरकचरा किंवा भराव टाकण्यात कोणाला गैर वाटत नाही. येथे मोठ्या निधीच्या आधी एक साधा नकाशा हवा. मूळ तटाची रेषा, खंदक, दरवाजा आणि आजचे रस्ते एकाच कागदावर दाखविणारा असा नकाशा नगरपरिषदेच्या कचेरीत, शाळेत व किल्ल्याच्या दाराशी लागला, तर भिंत कोठे होती याविषयी तरी वाद राहणार नाही. चाकणमध्येच चक्रेश्वराचे प्राचीन देवस्थान आहे. दशरथाच्या रथाचे चाक येथे पडले म्हणून चाकण, ही त्याची आख्यायिका गावातील प्रत्येक आजी सांगू शकते. फिरंगोजीची हकिकत सांगणारे मात्र त्या मानाने थोडे.

जमिनीखाली काय आहे

मार्च २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी २१६ सुवर्णनाणी ताब्यात घेतली. चिखली भागातील बांधकामासाठी माती खोदताना ती सापडली होती आणि परस्पर ठेवून देण्यात आली होती. नाणी अठराव्या शतकातील मोगल बादशाहीची असून त्यांचे वजन दोन किलोहून अधिक भरले. पोलिसांच्या तत्परतेमुळे सोने वाचले. परंतु अशी ठेव कोणत्या थरात, कोणत्या भांड्यांसोबत, कोणत्या पायाजवळ होती हे जागेवर नोंदले गेले नाही, तर ती कोणाची व का पुरलेली, हे सांगणे पुढे कठीण होते.

या परिसरात रोज कोठे ना कोठे यंत्राने माती उपसली जाते. म्हणून संबंधितांना कायद्याची जाण असणे आवश्यक आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे बंधनकारक आहे. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा महाराष्ट्राचा अधिनियम आहे. केंद्र संरक्षित स्मारकांना १९५८ चा अधिनियम लागू आहे, व त्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटर क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर क्षेत्र विनियमित ठरते. जी वास्तू कोणत्याच यादीत नाही तिचे काय, हा खरा प्रश्न आहे. गावोगावचे वीरगळ, सतीशिळा, बारवा, वेशीचे दरवाजे बहुतांशी याच वर्गात मोडतात. मंदिराच्या जीर्णोद्धारात वीरगळाला शेंदूर फासला जातो किंवा तो पायरीला लावला जातो. यामागे वाईट हेतू नसतो, पण त्यावरील शिल्प पुसले जाते. ग्रामपंचायतीने ठराव करून अशा प्रत्येक शिळेचे छायाचित्र, मोजमाप व जागा एका नोंदवहीत लिहून ठेवली, तर त्यास खर्च जवळजवळ शून्य आहे. संविधानाच्या अनुच्छेद ५१ क मध्ये वारशाचे मोल जाणून त्याचे जतन करणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. त्याचा सर्वांत सोपा आरंभ ही नोंदवही होय.

पाहुण्यांची सोय आणि सुरक्षितता

भेट देणाऱ्यांची संख्या वाढली की त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारीही येते. १५ जून २०२५ रोजी इंदोरीजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला. नदीतील रांजणखळगे पाहण्यासाठी तेथे पावसाळ्यात झुंबड उडते. निसर्गाने दिलेले आकर्षण आणि जुना, अरुंद मार्ग ही जोडी जेथे जेथे आहे, तेथे पावसाळ्यापूर्वी पाहणी करणे व प्रसंगी वाट बंद करणे यांत कुचराई होता कामा नये.

नद्यांचा प्रश्नही टाळता येणार नाही. चिंचवडची समाधी पवनेकाठी, देहू-आळंदी इंद्रायणीकाठी. अलीकडच्या वर्षांत आळंदी येथे नदीच्या पाण्यावर पांढरा फेस वारंवार दिसला आहे. भाविक तरीही तेथे स्नान करतात. घाटांवर कितीही सुबक फरशी बसविली आणि पाणी हे असे राहिले, तर पाहुणा घरी जाऊन फरशीविषयी बोलणार नाही.

प्रवासाची सोय मात्र पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे. खंडाळा-पुणे लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाल्यापासून चिंचवड रेल्वेने जोडलेले आहे आणि मार्च २०२२ पासून पिंपरीपर्यंत मेट्रो धावते. चिंचवडचे समाधिमंदिर, मंगलमूर्ती वाडा आणि चापेकर वाडा ही तिन्ही स्थाने पायी फिरून एका सकाळीत पाहून होतात. शालेय क्षेत्रभेटीसाठी ही रचना आदर्श आहे. दुपारी निगडीचे भक्ती-शक्ती शिल्प पाहून देहूला जावे. तुकाराम महाराज व शिवराय यांच्या भेटीचे हे शिल्प मुलांना विशेष आवडते. दुसरा दिवस आळंदी व चाकण यांसाठी ठेवावा. वेळ हाताशी असेल तर नाशिक रस्त्याने तसेच पुढे राजगुरुनगरला जाता येते. २४ ऑगस्ट १९०८ रोजी हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म झाला तो वाडा तेथे भीमेच्या काठी आहे, आणि गावातच सतराव्या शतकातील दिलावरखानाची मशीद व कबर आहे. देहू रोडच्या बाजूस उतरणाऱ्यांनी शेलारवाडीची घोरावडेश्वर लेणी चुकवू नयेत. मुळात ती बौद्ध भिक्षूंची वसतिस्थाने. पुढे तेथे शिवलिंगाची स्थापना झाली आणि महाशिवरात्रीला यात्रा भरू लागली. लेण्यांतील ब्राह्मी लेख पाहण्यासाठी उन्हे कलण्यापूर्वी पोहोचावे, आणि चढण थोडी असली तरी पाणी बरोबर न्यावे.